चार नंबरचा आवाज

"हे प्रशिक्षण कुणालाही दोष देण्यासाठी नाही," असं नोटिशीच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, आणि तिथेच मोठ्या सिस्टरांच्या मनात पाल चुकचुकली. बाकी नोटीस साधीच होती. शनिवारी सकाळी नऊ वाजता, तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात, अतिदक्षता विभागातल्या सगळ्यांसाठी, डॉक्टरांपासून वॉर्डातल्या मामांपर्यंत, एकत्र काम कसं करावं याचं एक दिवसाचं प्रशिक्षण. चहा तिथेच, गणवेश नको. एवढं लिहून थांबावं की नाही माणसाने? पण नाही. खाली ती ओळ. अहो, ज्याला दोष द्यायचा नसतो तो तसं सांगत कशाला बसेल? शेजारीण वाटीभर साखर मागायला येते, तेव्हा 'मी काही तुमच्या घरात डोकवायला आले नाही हं' असं म्हणते का? आणि म्हणालीच, तर समजावं की डोकवायलाच आलीय. सव्वीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला कागदाची भाषा कळते. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, लिफ्ट वर गेली. सिस्टर फलकासमोर तशाच उभ्या राहिल्या, ती ओळ पुन्हा वाचली, आणि आपल्याला वाचताना मागून कुणी बघतंय का म्हणून वळल्या. मागे फरशी पुसणारी बाई होती, आणि तिचीही पाठच होती.

तीन आठवड्यांपूर्वी चार नंबरच्या खाटेवर एक शिंपीकाका होते. फुप्फुसाचं जुनं दुखणं, अंगात त्राण नाही, पण जीभ शाबूत. आल्या दिवशीच तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाले होते, "सिस्टर, तुमच्या बाहीची शिवण उसवलीय. मी बरा झालो की आणून द्या, टाका घालून देतो." त्या म्हणाल्या होत्या, "आधी मास्क लावा, मग माझी बाही बघा." तर त्या शिंपीकाकांचा ऑक्सिजन एका दुपारी, अडीच ते तीनच्या मधे, हळूहळू उतरत गेला आणि उतरला तो कुणाला कळला नाही. कुणी म्हणे दहा मिनिटं, कुणी म्हणे वीस. ड्यूटीवर चिमणी होती. चिमणी म्हणजे दीड वर्षापूर्वी लागलेली पोरगी. आवाज एवढासा, जीवही एवढासा, म्हणून सगळ्या वॉर्डाची चिमणी. एक नंबरचा पडदा ओढून ती तिथल्या म्हातारीच्या घशातला कफ काढत होती. बाहेर आली, चार नंबरच्या मॉनिटरवर बहात्तर आकडा बघितला आणि एवढ्याशा आवाजाची पोर किंचाळली. शिंपीकाका वाचले. वाचले म्हणायचं. आठवड्याने त्यांच्या बायकोने पर्समधून सुईदोरा काढून त्यांच्या हातात दिला, तर ते बराच वेळ सुईकडे बघत राहिले आणि मग त्यांनी ती परत देऊन टाकली, दुसऱ्या कुणाची चुकून आपल्याकडे आलेली वस्तू द्यावी तशी, अगदी नम्रपणे. सिस्टर तेव्हा सलाईन बदलत होत्या. त्यांनी ते बघितलं आणि सलाईनची नळी उगाच दोनदा तपासली.

आता ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेला की मॉनिटर वाजतो, वाजतो कसला, अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतो. म्हणजे तो वाजला आणि पोरीने ऐकला नाही, असंच सगळ्यांनी धरलं. मोबाइलवर असेल. कानात काहीतरी घातलं असेल. आजकालच्या मुली. चिमणी पहिल्या दिवशी रडत म्हणाली, "वाजला नाही हो, शप्पथ वाजला नाही." दुसऱ्या दिवसापासून गप्प झाली, ती झालीच. तिला खालच्या भांडारात चादरींच्या घड्या घालायला बसवलं होतं. निकाल येत्या सोमवारी लागायचा होता: तिचं कंत्राट संपवायचं का, आणि परवाना काढून घ्या म्हणून वर कळवायचं का. परवाना गेला म्हणजे पोरगी कुठल्याच दवाखान्यात पाय ठेवू शकणार नव्हती. घरी तिच्या पगाराकडे डोळे लावून बसलेला बाप आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं आणि सगळे चहा पीत होते.

आणि तो वाजला नव्हता. हे मोठ्या सिस्टरांना माहीत होतं, कारण त्यांनीच त्याचं तोंड बांधलं होतं. सकाळी पेशंटचं अंग पुसायचं, कूस बदलायची, चादर ओढायची, त्या ओढाताणीत बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा निसटतो आणि मॉनिटर उगाचच कोकलत सुटतो. सहा खाटांचे सहा मॉनिटर. एकाला गप्प करावं तर दुसरा. वाजून वाजून माणूस असा होतो की खरा आवाज आणि खोटा आवाज यातला फरकच मरतो. म्हणून सकाळी आल्या आल्या सिस्टर नव्वदची मर्यादा सत्तरवर आणून ठेवायच्या, म्हणजे सत्तरच्या खाली गेल्याशिवाय यंत्र तोंड उघडायचं नाही. त्यांचे स्वतःचे डोळे होतेच की. यंत्रापेक्षा त्यांना पेशंटच्या नखांचा रंग आधी कळायचा. आणि दोन वाजता ड्यूटी सोपवताना सहाही यंत्रं परत नव्वदवर. अकरा वर्षं. एकदाही चूक नाही. त्या दिवशी मात्र दोनला पाच कमी असताना मामा सांगत आले की धोब्याकडून उशांचे अभ्रे आलेच नाहीत, आणि सिस्टर फोनवर धोब्याशी भांडायला लागल्या. पाच यंत्रं आधीच झाली होती. चौथं राहिलं. फोन ठेवला, पर्स उचलली, गेल्या. घरात कुणी आजारी नव्हतं, मनावर कसलं ओझं नव्हतं, डोकं दुखत नव्हतं. उशांचे अभ्रे, बास. एखादं मोठं कारण असतं तर त्याच्या आडोशाला तरी उभं राहता आलं असतं, असं त्यांना नंतर रोज वाटे.

संध्याकाळी वॉर्डातून फोन आला तेव्हाच त्यांना सगळं लख्ख दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं असं ठरवूनच त्या गेल्या. तर शिंपीकाकांना रातोरात श्वासाच्या मोठ्या यंत्रावर पलीकडे हलवलेलं, चार नंबरवर नवा पेशंट आलेला, आणि नवा पेशंट घेताना मॉनिटरची जुनी नोंद पुसली गेलेली. मर्यादा आपोआप नव्वद. पाटी कोरी. कुणी काही विचारलं असतं तर त्या बोलल्या असत्या, हे त्या स्वतःला आजही सांगत. पण विचारलंच नाही कुणी. मोठ्या सिस्टरांना कोण विचारणार? उलट डॉक्टरच म्हणाले, "तुमच्या ड्यूटीत असं झालं असतं का सांगा बरं?" आणि त्या म्हणाल्या, "मी काय सांगणार." तो पहिला दिवस. पहिल्या दिवशी जे बोललं जात नाही, ते दुसऱ्या दिवशी दुप्पट जड होतं आणि तिसऱ्या दिवशी उचलतच नाही.

तेव्हापासून घरात बेल वाजायची. म्हणजे वाजायची नाही. सिस्टर उठून दार उघडायच्या आणि जिन्यात कुणी नसायचं. "अगं, कोण आलंय?" नवरा पेपरातून डोकं वर न काढता विचारायचा. "बेल वाजली ना." "कुठे वाजली? मी बहिरा झालो की तू वेडी झालीस?" तो गमतीने म्हणायचा, त्याचा स्वभावच तो, पण सिस्टरांना वाटायचं, हा असं का म्हणाला? याला कुणी काही सांगितलं का? हा आणि डॉक्टर एकाच दुकानात दाढीचं सामान घेतात. शनिवारी सकाळी त्या निघाल्या तेव्हा तो म्हणाला, "तू शिकायला कसली जातेस, तूच शिकवून ये त्यांना." त्या चप्पल घालता घालता थांबल्या. "का? काय शिकवू?" "अगं, सहज म्हणालो बाई!" खाई त्याला खवखवे, दुसरं काय. हे त्यांनाही कळत होतं. कळून खवखव थांबत असती तर जगात खोकल्याची औषधं खपलीच नसती.

सभागृहात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. गोल खुर्च्या म्हणजे कुणाला कुणाच्या पाठीमागे लपता येऊ नये, हे त्यांनी दारातूनच ओळखलं. एका कोपऱ्यात खाट, खाटेवर रबरी माणूस, त्याच्या उशाशी मॉनिटर, आणि वर भिंतीला लाल ठिपका पेटलेला कॅमेरा. ट्रेनर तरुण होता, पांढरे बूट, बाह्या दुमडलेल्या, आणि हसू असं की कुणीतरी सकाळी इस्त्री करून दिलंय. त्याने प्रत्येकाच्या छातीवर आपल्या हाताने एकेक गोल चिठ्ठी चिकटवली. सिस्टरांची चिठ्ठी पिवळी. चिमणीचीही पिवळी. डॉक्टरांची आणि मामांचीही पिवळीच निघाली, पण ती दिसेपर्यंत त्यांनी आपली चिठ्ठी हाताने झाकून धरली होती. चिमणीला का बोलावलंय? भांडारात बसवलेल्या मुलीला अतिदक्षता विभागाच्या प्रशिक्षणाला कोण बोलावतं? ती आली, सगळीकडे एकदा बघितलं, आणि एवढ्या रिकाम्या खुर्च्या सोडून सिस्टरांच्या डाव्या हाताला येऊन बसली. "बरी आहेस ना गं?" सिस्टरांनी विचारलं. "हो सिस्टर." "जेवतेस का नीट?" "हो सिस्टर." तीन आठवड्यांत पोरीच्या गळ्याची हाडं वर आली होती. आरडाओरडा करत नाही, कुणावर बोट दाखवत नाही, नुसती 'हो सिस्टर' म्हणते. सिस्टरांना तिच्या त्या गप्प बसण्याचंच भय होतं. गप्प बसणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं, हा धडा त्या फार लहानपणी शिकल्या होत्या.

त्या तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या असतील. आत्या कमरेचं हाड मोडून त्यांच्या घरी पडून होती, पुढच्या खोलीत, आणि तिच्या हाताशी एक पितळी घंटा ठेवली होती, काही लागलं तर वाजवायला. आत्याला सारखंच काही लागायचं. पाणी लागायचं, खिडकी उघडी लागायची, मग मिटलेली लागायची, मग नुसतं कुणीतरी जवळ लागायचं. आई कामावर गेली की दुपारभर ती घंटा आणि ही मुलगी. एकदा परीक्षेचा अभ्यास होता. आत्याला डुलकी लागलेली बघून तिने घंटेच्या पोटात कापसाचा बोळा ठासून बसवला, आणि आतल्या खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. केवढी शांतता होती ती! त्या शांततेची गोडी त्यांना अजून आठवत होती, आणि आठवली की स्वतःची शिसारी येत होती. तासाभराने धप्पकन आवाज झाला. आत्या मोरीपर्यंत आपली आपण जायला निघाली होती. आई आली, डॉक्टर आले, आणि आईने दरडावून विचारलं, "घंटा का नाही वाजवलीत वन्सं?" आत्या म्हणाली, "नाही वाजवली खरी. मला वाटलं, जमेल." बस्स. मुलगी सुटली. रात्री दप्तर भरताना कंपासपेटी उघडली, तर आत पेन्सिलीशेजारी कापसाचा तो बोळा नीट ठेवलेला. कुणी ठेवला? कुणाकरवी ठेवला? आत्या पुढे चार वर्षं जगली आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिने बोलावं, शिव्या घालाव्यात, आईला सांगावं, म्हणून ही मुलगी तिच्या अंथरुणाशी घुटमळायची. आत्या म्हणायची, "पाणी दे गं जरा."

"तर आजचा नियम अगदी सोपा," ट्रेनर टाळी वाजवून म्हणाला. "एकजण सांगेल. त्याच्या उजवीकडचा माणूस ऐकलेलं परत म्हणेल. मग सांगणारा म्हणेल, 'बरोबर'. हे 'बरोबर' येईपर्यंत बोलणं पुरं झालं असं धरायचं नाही. आणि काही चुकतंय असं वाटलं, तर कुणीही म्हणायचं, 'थांबा'. मामांनी डॉक्टरांना म्हणायचं, डॉक्टरांनी मामांना म्हणायचं. थांबा म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. इथे लहानमोठं कुणी नाही." "म्हणजे मी साहेबांना थांबा म्हणू?" मामांनी विचारलं. "म्हणून तर बघा." मामांनी डॉक्टरांकडे बघितलं, जीभ चावली, आणि म्हणाले, "सोमवारी म्हणतो." सगळे हसले. डॉक्टरही हसले. सिस्टर हसल्या, पण जरा उशिरा, आणि उशीर झाल्याचं ट्रेनरने बघितलं असं त्यांना वाटलं. तो हातातल्या पॅडवर सारखं काहीतरी लिहीत होता. चहाच्या वेळी त्या मुद्दाम त्याच्या मागून गेल्या आणि खांद्यावरून डोकावल्या, तर त्याने कागदावर एक बदक काढलं होतं. बदक! इतका साळसूद माणूस त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

मग रबरी माणसाची पाळी आली. भूमिका उलट्या करायच्या, असं ट्रेनरने जाहीर केलं. मामा झाले डॉक्टर आणि डॉक्टर झाले मामा. मामांनी डॉक्टरांचा पांढरा कोट चढवला, दोन्ही हात खिशात घातले, मान तिरकी केली, आणि "काय म्हणतोय पेशंट?" असं इतकं हुबेहूब विचारलं की स्वतः डॉक्टरही पोट धरून हसले. "मामा, जरा जास्तीची उशी आणा," मामांनी डॉक्टरांना फर्मावलं. डॉक्टर कपाटाशी गेले, हे दार उघड, ते दार उघड, आणि शेवटी म्हणाले, "उशा असतात कुठे?" "तुमच्याच वॉर्डात असतात साहेब, चौदा वर्षं," मामा म्हणाले, आणि पुन्हा हशा पिकला. चिमणीला पेशंटची मुलगी केलं होतं; ती रबरी हात हातात घेऊन बसली. सिस्टरांना सिस्टरच ठेवलं. सगळ्यांना बदललं आणि मलाच का नाही? हा विचार मनातून जातो न जातो तोच त्यांना मॉनिटरवरचा आकडा हलताना दिसला. त्र्याण्णव. एक्क्याण्णव. नव्वद. मामा रबरी छातीवर स्टेथोस्कोप टेकवून ऐटीत ऐकत होते. एकोणनव्वद. सत्त्याऐंशी. आवाज नाही. कुणाचंच लक्ष नव्हतं, कारण आवाज नव्हता. चौऱ्याऐंशी. सिस्टरांच्या कानात शांतता भरली, तीच, दुपारची, कापसाची. सापळा. हाच तो सापळा. यांनी मुद्दाम मर्यादा खाली आणून ठेवलीय, चार नंबर जसाच्या तसा इथे उभा केलाय, आणि आता बघतायत मी काय करते. आणि हे सगळं कळत असूनही त्यांचा उजवा हात उठला. पेशंटकडे नाही, ऑक्सिजनच्या मास्ककडे नाही. सरळ मॉनिटरच्या कडेला, खालून तिसरं बटण, दोनदा, मग चाक डावीकडे, जिथे मर्यादा लिहिलेली असते तिथे. अकरा वर्षांची वाट. डोळे मिटूनही गेला असता तो हात.

मर्यादा नव्वदच होती.

त्या बघतच राहिल्या. नव्वद. कुणी काही खाली आणलं नव्हतं. मग चिमणी ओरडली, "बाबांना काहीतरी होतंय हो!" आणि एकदम धावपळ झाली, मामांनी मास्क लावला, ट्रेनर ओशाळून पुढे आला आणि खाटेखाली वाकला. "सॉरी सॉरी, स्पीकरची वायर निघालीय. आवाज यायला हवा होता. सकाळी मीच पाय अडकून पडलो होतो इथे." त्याने वायर खोचली आणि मॉनिटर कोकलायला लागला. सापळा नव्हता, वायर होती.

दुपारी त्याने कॅमेऱ्यातलं चित्रण भिंतीवर लावलं. पडदे ओढले, सगळे पुन्हा गोलात. उशी शोधणाऱ्या डॉक्टरांना सगळे पुन्हा हसले. मग आकडा उतरायला लागला, आणि भिंतीवरच्या सिस्टर, खऱ्यापेक्षा दुप्पट मोठ्या, खऱ्यापेक्षा म्हाताऱ्या, हात लांब करून खालून तिसरं बटण दाबताना दिसल्या. ट्रेनरने चित्र तिथेच थांबवलं. "हे बघा," तो म्हणाला. "सगळे आवाजाची वाट बघतायत. एकट्या सिस्टर यंत्रावर शंका घेतायत. आवाज येत नाही म्हणजे मर्यादा कुणी खाली आणलीय का, हे त्यांनी आधी तपासलं. क्षणात! सव्वीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा. जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या." टाळ्या झाल्या. सिस्टर भिंतीवरच्या आपल्या हाताकडे बघत होत्या. त्यांच्या उजव्या हाताला डॉक्टर बसले होते. त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या आणि तिसरी वाजवता वाजवता हात तसेच ठेवले. त्यांची डावी भुवई वर गेली. "मर्यादा खाली आणतं का पण कुणी?" ते म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले, किंवा साधेपणाने म्हटल्यासारखं दाखवलं. चोराच्या मनात चांदणं असलं की समोरच्याचा चेहरा दिवसाही नीट दिसत नाही. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"मी आणते," चिमणी म्हणाली.

एवढासा आवाज. ट्रेनरला ऐकूच गेलं नाही. तिने घसा खाकरला आणि ती उभी राहिली, उभं राहायची गरज नसताना, शाळेत राहतात तशी. "मी आणते सर. मोठ्या सिस्टरांना करताना बघून शिकले. त्या पेशंटचं करताना खाली आणतात आणि जाताना परत करतात. त्या कधीच विसरत नाहीत. मीपण आल्या आल्या करते. त्या दिवशी... मला आठवतच नाही सर. मी तीन आठवडे आठवतेय. एक नंबरकडे जायच्या आधी मी चार नंबरला हात लावला होता का, मला खरंच आठवत नाही. पण तो वाजला नव्हता, हे नक्की. म्हणजे मीच आणला असणार खाली. दुसरं कोण आणणार?" आणि ती खाली बसली. मांडीवर तिचे दोन्ही हात एकमेकांना घट्ट धरून होते.

सुंठीवाचून खोकला गेला. हाच विचार सिस्टरांच्या मनात उमटला, लाज न बाळगता, आधी तोच उमटला. पोरीला काही माहीत नव्हतं. तीन आठवडे जिच्या गप्प बसण्याला त्या भ्यायल्या, ती गप्प होती ती स्वतःला तपासत होती म्हणून. कुणी विचारणार नव्हतं, कुठे नोंद नव्हती, आणि आता तर गुन्हेगारही आपल्या पायाने चालत आला होता. फक्त गप्प बसायचं. ते तर त्यांना येतच होतं. आणि तेवढ्यात दुसरा विचार आला, पहिल्याच्या मागोमाग: हिने मुद्दाम तर नाही ना केलं हे? 'त्या कधीच विसरत नाहीत' असं ती कुणाला ऐकवत होती? हा माझ्या कंपासपेटीत ठेवलेला बोळा तर नाही? त्यांनी मान वळवून पोरीकडे बघितलं. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. त्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. आत्याच्या चेहऱ्यावरूनही कधी कळलं नव्हतं.

ट्रेनरचं हसू पहिल्यांदाच उतरलं होतं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. बिचाऱ्याने आधार घेतला तो आपल्या नियमाचा. "धन्यवाद. फार... फार धीर लागतो याला. आपण नियम पाळू या. उजवीकडच्या व्यक्तीने ऐकलेलं परत म्हणायचं." आणि त्याने सिस्टरांकडे बघितलं. चिमणीच्या उजव्या हाताला त्याच होत्या.

"ती म्हणाली," सिस्टरांनी सुरुवात केली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "ती म्हणाली की तिने मर्यादा..." कोपऱ्यात रबरी माणसाची छाती वरखाली होत होती; यंत्र बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना शिंपीकाका आठवले, सुई परत करणारा तो हात. बाहीची शिवण अजून तशीच होती. दुसऱ्या कुणाकडे टाकायचा धीरच झाला नव्हता.

"थांबा," त्या म्हणाल्या.

कुणी काही करतच नव्हतं, तरी सगळे थांबले.

"ते चूक आहे. तिने नाही आणली. मी आणली होती. सकाळी सात वाजता, चार नंबरची, नव्वदची सत्तर. दोन वाजता पाच यंत्रं परत केली आणि चौथं राहिलं. मी अभ्र्यांवरून धोब्याशी भांडत होते. मामांना विचारा, तेच सांगत आले होते. संध्याकाळीच मला कळलं होतं. मी बोलले नाही." एवढं बोलून त्यांना धाप लागली, जिना चढून आल्यासारखी. हलकं वाटेल असं त्यांना तीन आठवडे वाटत होतं. तसलं काही वाटलं नाही.

आता नियमाप्रमाणे उजवीकडच्या माणसाने बोलायचं होतं. उजवीकडे डॉक्टर होते. ते चष्मा काढून काचा पुसत होते, पुसून झाल्या तरी पुसत होते. मामा चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. मग डावीकडून, नियम मोडून, तो एवढासा आवाज आला, एकेक शब्द जमिनीवर ठेवत.

"सकाळी सात वाजता. चार नंबर. नव्वदची सत्तर केली." चिमणी थांबली. तिने अजूनही डोळे पुसले नव्हते. "दोन वाजता परत केली नाही. मोठ्या सिस्टरांनी. मी नाही." आणि मग, सांगितल्याप्रमाणे, ती वाट बघत बसली.

सिस्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत माफी होती की हिशेब चुकता झाल्याचं समाधान, की नुसतं पोरसवदा आश्चर्य, ते त्यांना त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

"बरोबर," त्या म्हणाल्या.